पोटमाळ्यावरच्या ऑफिसातली हवा आणि तुमचे हक्क

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चिंचोटी फाट्याला पूर्वेकडे वळलं की कामणचा रस्ता लागतो. हाच रस्ता पुढे भिवंडीला जातो. दोन्ही बाजूंना गाळे, पत्र्याच्या शेड आणि गोदामं. कुठे प्लास्टिक मोल्डिंग चालतं, कुठे पावडर कोटिंग, कुठे छपाई, कुठे फर्निचर. वसई, नालासोपारा, विरार, भिवंडी इथून माणसं रोज इथे कामाला येतात. रिक्षा, एसटी, स्वतःची दुचाकी, किंवा वसई-दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्या पकडून कामण रोड स्टेशन.

या गाळ्यांत एक गोष्ट सर्रास दिसते. गाळ्याची उंची भरपूर असते, म्हणून लोखंडी चॅनलवर प्लायवूड टाकून पोटमाळा काढतात आणि त्यावर ऑफिस थाटतात. ॲल्युमिनियमची चौकट, काच, स्प्लिट एसी, दोन-तीन टेबलं, टॅलीचा कॉम्प्युटर, प्रिंटर, चलनांच्या फायली. खिडकी असली तरी ती बाहेर उघडत नाही, खालच्या मशीनकडे उघडते. हिशेब, डिस्पॅच, खरेदी, पगारपत्रक सांभाळणारी माणसं त्या काचेच्या खोलीत दिवसाचे नऊ-दहा तास काढतात. दुपारनंतर डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, घशात खवखव राहते, जांभया थांबत नाहीत. याबद्दल बोलायचं म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘तुम्ही तर एसीत बसता!’ आणि त्या माणसांनाही मनातून वाटत असतं की हवा, धूर, धूळ यांचे कायदे खालच्या कामगारांसाठी आहेत, आपण ऑफिसवाले, आपल्याला काय लागू होणार.

हा समज चुकीचा आहे. शुद्ध हवेचा हक्क मशीनवरच्या माणसाला आहे तसाच टेबलावरच्या माणसालाही आहे. तो मागायचा कसा, पुरावा काय जमवायचा आणि अर्ज कुठे द्यायचा, ते इथे सांगतो.

आधी हवेचं गणित

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. खोली गार होते, पण हवा तीच राहते. चार माणसांनी सकाळपासून सोडलेला श्वास, प्रिंटरचा वास, फरशी पुसायच्या फिनेलचा वास, सगळं तिथेच फिरत राहतं. विंडो एसीला बाहेरची थोडी हवा घेणारी एक लहान झडप असते, पण ती बहुतेक ठिकाणी बंद केलेली किंवा गंजून अडकलेली सापडते. दार सतत लावलेलं, कारण ‘एसी बाहेर जातो’. बाहेरच्या भिंतीला खिडकी असलीच तरी ती बंद, कारण या रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ.

पोटमाळ्याचा त्रास यापेक्षा वेगळा आणि जास्त आहे. गरम हवा वर चढते. खाली मोल्डिंग मशीनवर वितळणाऱ्या प्लास्टिकचा वास, रंगाच्या कामातला थिनर, वेल्डिंगचा धूर हे सगळं त्या हवेबरोबर वर येतं आणि पत्र्याखाली साठतं. तुमची केबिन नेमकी तिथेच असते. खालच्या माणसाजवळ निदान उघडं शटर तरी असतं, वरच्या माणसाकडे तेही नसतं. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की एसी कितीही चालवा, उपयोग होत नाही. पावसाळ्यात पत्रा गळतो, छताचं जिप्सम ओलं होतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांनी या बुरशीकडे खास लक्ष द्यावं.

किती ताजी हवा लागते? जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, घराव्यतिरिक्तच्या वापराच्या इमारतींसाठी सुचवलेलं प्रमाण आहे माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा. चार माणसांच्या केबिनला सेकंदाला ४० लिटर. बंद काच आणि स्प्लिट एसी यांतून एवढी हवा येण्याचा प्रश्नच नाही. कोविड असो, क्षयरोग असो किंवा साधा फ्लू, एकाला झालेलं बंद खोलीत इतरांना सहज लागतं ते यामुळेच.

स्वतः तपासा, लिहून ठेवा

तक्रारीत ‘गुदमरतं’ एवढंच लिहिलं तर शेठ म्हणतील, आम्हाला तर काही होत नाही. मोजमाप दिलं तर तसं म्हणता येत नाही.

पहिलं मोजमाप टेपने करा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १६ मध्ये गर्दीची मर्यादा घातली आहे. दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा, आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा हिशेबात धरायची नाही. फुटांत सांगायचं तर माणशी साधारण ५०० घनफूट. आता तुमची केबिन मोजा. १२ फूट लांब, १० फूट रुंद, ८ फूट उंच असेल तर ९६० घनफूट झाले. म्हणजे दोन माणसांनाही ती पुरत नाही. अशा केबिनमध्ये चार-पाच खुर्च्या असतील तर हा एकच आकडा तुमच्या अर्जाचा कणा होऊ शकतो. कपाटं आणि फायलींचे रॅक आणखी जागा खातात, तेही लिहा.

दुसरं, बाहेर उघडणारी खिडकी किती मोठी आहे ते पाहा. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानातल्या राहत्या खोल्यांसाठी खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश असावं असं प्रमाण आहे. ते ऑफिसला जसंच्या तसं लावता येणार नाही, पण तुलनेला चालतं. १२ बाय १० च्या खोलीला २० चौरस फूट खिडकी. तुमच्याकडे शून्य असेल तर शून्य लिहा.

तिसरं, टिश्यूची पट्टी. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी दाराच्या फटीजवळ, जाळीजवळ, एक्झॉस्ट फॅनजवळ धरा. ती हलते का, कुठल्या दिशेला ओढली जाते, ते बघा. उदबत्तीच्या धुराने हे आणखी चांगलं दिसतं, पण थिनर, सॉल्व्हंट किंवा रंग असलेल्या गाळ्यात काहीही पेटवायचं नाही. एक्झॉस्ट चालू असून दार लावल्यावर पट्टी जाळीला चिकटत नसेल आणि दार उघडल्यावर चिकटत असेल, तर त्या पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही, तो नुसता फिरतोय.

याच चाचणीतून पोटमाळ्याची खरी अडचण बाहेर येते, आणि ती मालकाच्या इलेक्ट्रिशियनलाही बहुधा माहीत नसते. केबिनच्या बाहेरच्या भिंतीत एक्झॉस्ट बसवला आणि केबिनची बाकीची उघडी बाजू खालच्या मशीनकडे असली, तर तो पंखा खालचा धूर आणि थिनरचा वास ओढून केबिनमधूनच बाहेर नेईल. म्हणजे त्रास वाढेल. अशा जागी उलट हवं. बाहेरची हवा आत ढकलणारा, फिल्टर लावलेला पंखा. तो रस्त्याच्या धुळीपासून दूर, गाळ्याच्या मागच्या अंगाला असावा, पण जनरेटरच्या धुराड्याजवळ नको. केबिनमध्ये बाहेरून हवा भरत राहिली की खालची हवा फटींतून वर शिरत नाही. धूर काढणारा एक्झॉस्ट लागतोच, पण तो खाली, धूर निघतो त्या मशीनच्या डोक्यावर.

जमत असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं हातातलं यंत्र चार-सहा जणांनी मिळून आणा. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. आतला आकडा १००० च्या वर सरकला की ताजी हवा कमी पडते असं समजण्याचा प्रघात आहे. सकाळी आल्याबरोबर, जेवणाआधी आणि संध्याकाळी निघताना यंत्राचा फोटो घ्या, त्यात वेळ दिसू द्या. मात्र हे यंत्र माणसांचा श्वास मोजतं, थिनरची वाफ मोजत नाही. आकडा कमी आला म्हणून रसायनाचा धोका नाही असा अर्थ काढू नका. नाकावरही विसंबू नका. वासाला नाक थोड्या वेळात सरावतं. बाहेरून आलेल्या कुरिअरवाल्याने नाक मुरडलं तर त्याची नोंद तुमच्या नाकापेक्षा खरी.

आणि एक वही घाला. तारीख, वेळ, काय त्रास झाला, खाली त्या वेळी कुठलं काम चालू होतं, वीज होती की जनरेटर, किती जणांना त्रास झाला. पंधरा दिवस पुरेत. या वहीत सुट्टीचा दिवसही लिहा, तो सगळ्यांत बोलका असतो. सुट्टीच्या दिवशी डोकं हलकं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जड, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर कारण कामाच्या जागेत आहे. ही साप्ताहिक सुट्टी आपल्याला फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, आणि पुढे सहा वर्षांनी, १८९० मध्ये, रविवारची सुट्टी मान्य झाली. सह्या घेऊन अर्ज करण्याची ती रीत आजही तितकीच कामाची आहे.

डॉक्टरकडे गेलात तर ‘सर्दी-खोकला’ एवढंच सांगून औषध घेऊन येऊ नका. कुठे बसता, खाली कुठलं काम चालतं, सुट्टीला बरं वाटतं का, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. दम्याची शंका असेल तर श्वासाचा जोर मोजणारं लहान नळीसारखं साधन डॉक्टर सुचवू शकतात. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी त्यात फुंकून आलेले आकडे शेजारी ठेवले की बरंच उलगडतं. पगारातून ईएसआयची वजावट होत असेल तर ईएसआयच्या दवाखान्यातच जा. तिथला कागद पुढे नुकसानभरपाईच्या प्रश्नातही उपयोगी पडतो. ईएसआयची चौकशी १८००-११-२५२६ या निःशुल्क क्रमांकावर होते.

कायदा कुणाच्या बाजूने आहे

व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली. १९४८ चा कारखाने अधिनियम तिने आपल्यात सामावून घेतला. नवी घडी बसेपर्यंत, नव्याशी विसंगत नाहीत तिथवर, जुने नियम चालू ठेवले आहेत. त्यामुळे वर सांगितलेला १४.२ घनमीटरचा दाखला अर्जात जरूर द्या.

ऑफिसवाल्यांसाठी या संहितेतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिने केलेली ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या. कुशल, अकुशल, अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांबरोबर पर्यवेक्षक, व्यवस्थापक, प्रशासकीय, तांत्रिक आणि कारकुनी काम करणारेही त्यात स्पष्ट शब्दांत आले आहेत. जुन्या कायद्यातही कारकून वाऱ्यावर नव्हता. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमधले हजेरी लिहिणारे टाइमकीपर हे कारखाने कायद्याखाली कामगारच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच ठरवलं आहे. तेव्हा ‘तू स्टाफ आहेस, लेबर नाहीस’ हे उत्तर तुम्हाला हवेचा हक्क नाकारायला पुरत नाही.

संहितेच्या कलम ६ प्रमाणे कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होणार नाही अशी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणंही याच कलमात आहे. तुमच्याकडे ते नसेल तर हवेच्या अर्जाआधी तेच मागा, कारण उद्या ‘हा आमच्याकडे कामालाच नव्हता’ असं म्हटलं गेलं तर तोच कागद उपयोगी येतो. नाहीच मिळालं तर पगार जमा झाल्याचं बँकेचं पान, हजेरीचा फोटो, कामाचे व्हॉट्सॲप मेसेज, ओळखपत्र हे सांभाळा. कलम २३ मध्ये स्वच्छता, वायुविजन, तापमान, धूळ-धूर-वायू यांपासून मुक्त वातावरण, गर्दी टाळणं आणि पुरेसा उजेड यांचा उल्लेख आहे. कंत्राटदाराच्या नावावर असलेल्यांनी कलम ५३ लक्षात ठेवावं. या सोयी कंत्राटी माणसांना मुख्य मालकाने द्यायच्या आहेत. कंत्राटदार आणि शेठ यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याला त्यात जागा नाही.

कलम १४ मात्र प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. आपल्या सुरक्षेची आणि आरोग्याची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क त्यात आहे. थिनरच्या डब्यात काय आहे, हे विचारणं म्हणजे चोंबडेपणा नव्हे, कायद्याने दिलेला अधिकार आहे. सोय अपुरी असेल तर आधी मालकाकडे म्हणणं मांडायचं, समाधान झालं नाही तर निरीक्षकाकडे. आणि जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटला तर मालकाला सांगतानाच निरीक्षकालाही कळवायचं. काम टाकून परस्पर घरी बसण्याची मुभा मात्र या कलमात सरळसरळ नाही. चक्कर आली, श्वास लागला तर मोकळ्या हवेत जरूर जा, पण जाताना सुपरवायझरला मेसेज टाका. नाहीतर तुमच्या तक्रारीचं रूपांतर ‘न सांगता गैरहजर’ असं केलं जाईल.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या प्रकरणात, कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आहे. आधार इतका वरून आहे.

अर्ज कसा लिहावा

आधी तोंडी बोला, आणि उपाय घेऊन बोला. ‘इथे बसवत नाही’ यापेक्षा ‘मागच्या भिंतीत जाळी मारून हवा आत आणणारा पंखा बसवला, थिनरचं काम शटरजवळ नेलं आणि जनरेटरचं धुराडं पत्र्याच्या वर चढवलं तर प्रश्न सुटेल’ हे ऐकलं जातं. लहान गाळ्यांचे बरेच मालक स्वतःही त्याच केबिनमध्ये बसतात, त्यांचंही डोकं दुखतं. पण बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेज टाका. ‘आज सकाळी केबिनच्या हवेबद्दल बोललो, आपण पुढच्या आठवड्यात पंखा बसवू म्हणालात, आभार.’ या दोन ओळी पुढे फार कामाला येतात.

त्यानंतरही काही झालं नाही तर अर्ज. एकट्याने देऊ नका, शक्य तेवढ्या सह्या घ्या. मजकूर असा ठेवता येईल:

‘प्रति, व्यवस्थापक. विषय: पोटमाळ्यावरील कार्यालयात ताज्या हवेची सोय करण्याबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे कर्मचारी वरील कार्यालयात काम करतो. कार्यालयाचं माप १२ × १० × ८ फूट असून तिथे चार जण बसतात. बाहेर उघडणारी खिडकी नाही. खालच्या रंगकामाचा वास वर येतो. गेल्या पंधरा दिवसांत आमच्यापैकी तिघांना डोकेदुखी आणि डोळ्यांची जळजळ झाली, नोंद सोबत जोडली आहे. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० च्या कलम १४ नुसार विनंती आहे की (१) बाहेरची हवा आत आणणारा पंखा बसवावा, (२) रंगकामाच्या जागी स्वतंत्र एक्झॉस्ट बसवावा, (३) वापरल्या जाणाऱ्या रसायनांची माहितीपत्रकं आम्हाला दाखवावीत. १५ दिवसांत काय केलं ते लेखी कळवावं.’

यात राग नको, कुणावर आरोप नकोत, माप आणि मागणी एवढंच. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नव्हे. फोटो काढताना खिडकी, जाळी, पंखा, टेबलं यांचेच काढा. मालाचे, साच्यांचे, ग्राहकांच्या कागदांचे काढू नका, त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाईला निमित्त मिळतं.

‘गाळा भाड्याचा आहे, भिंत फोडता येत नाही’ हे उत्तर हमखास मिळेल. परवानगी गाळामालकाकडून आणणं हे तुमच्या मालकाचं काम आहे. तोवर माणसं खाली, शटरजवळच्या जागेत बसवता येतात, तेवढं तरी लगेच मागा. आणि आपलीही एक बाजू सांभाळा. बसवलेला एक्झॉस्ट आवाज करतो म्हणून बंद करणं, गार वारा लागतो म्हणून जाळीवर पुठ्ठा चिकटवणं हे आपणच करत असू तर निरीक्षकासमोर तक्रार टिकत नाही.

पुढची दारं

कारखान्यासाठी ‘औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय’ हे राज्य सरकारचं खातं आहे, लोक त्याला ‘डिश’ म्हणतात. ज्या जागी उत्पादन होत नाही, नुसतं ऑफिस, दुकान किंवा गोदामाचं कामकाज आहे, तिथे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आणि कामगार विभागाचं कार्यालय. त्या कायद्यातही स्वच्छता, उजेड, वायुविजन यांची जबाबदारी मालकावर आहे. नेमकं कुठल्या दारात जायचं हे कळत नसेल तर दोन्हीकडे एकच अर्ज द्या. ‘आपले सरकार’ या राज्याच्या संकेतस्थळावरही तक्रार टाकता येते.

नाव उघड होईल ही भीती खरी आहे. तक्रार कुणी केली हे गुप्त ठेवायचं आणि तपासणी तक्रारीवरून झाली हेही मालकाला सांगायचं नाही, असं बंधन कारखाने अधिनियमाच्या कलम ११८-अ मध्ये निरीक्षकावर घातलेलं आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करून ‘नाव गुप्त ठेवावं’ अशी विनंती लिहा. पण पंधरा माणसांच्या गाळ्यात काल अर्ज आणि आज निरीक्षक आला तर शेठला अंदाज येणारच. सह्या जास्त हव्यात त्या यासाठी. कामगार संघटनेमार्फत अर्ज गेला तर आणखी चांगलं.

महिनाभर हालचाल झाली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपये, विषय एकच, मजकूर साधारण दीडशे शब्दांत. विचारायचं एवढंच की अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, या गाळ्याची नोंदणी आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, त्या अहवालाची प्रत द्यावी. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. हा अर्ज कुठलाही नागरिक करू शकतो, तेव्हा तुमच्याऐवजी बाहेरच्या विश्वासू माणसाने केला तर बरं.

तक्रारीनंतर कामावरून काढलं, तर राजीनाम्यावर सही करू नका. ‘हिशेब घ्यायचा असेल तर आधी सही’ असं म्हणतील. वेळ मागा, कागदाचा फोटो घ्या, बाहेर या. सूडबुद्धीने काढणं ही १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा आहे आणि तिची तक्रार ९० दिवसांत करायची असते. नव्या कामगार संहितांमुळे न्यायालयांची रचना बदलते आहे, म्हणून दार कुठलं ते संघटनेला किंवा वकिलाला विचारा. मात्र ९० दिवस हीच शेवटची तारीख धरून चाला. ‘शेठ परत बोलावतील’ म्हणून वाट पाहत बसण्यात हा काळ निघून जातो.

एका धोक्यासाठी मात्र अर्ज, पोच, पंधरा दिवस असं काहीही करत थांबायचं नाही. वीज गेल्यावर गाळ्याच्या आत किंवा खिडकीला लागून जनरेटर सुरू केला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पाय लटपटले तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडायचं, जनरेटर बंद करायला सांगायचं आणि १०८ ला फोन करायचा. पोटमाळ्याला जिना एकच असतो, तोही बहुधा मशीनच्या बाजूने उतरणारा, आणि खिडकीला ग्रिल वेल्ड केलेलं. खाली थिनर पेटला तर उतरणार कुठून, हे आजच शोधून ठेवा. आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यातली ही तरतूद आहे. ते प्रमाणपत्र मागून बघा. दुसरा जिना आणि आतून उघडणारं ग्रिल ही मागणी हवेच्या अर्जातच घाला, दोन्हीसाठी भिंतीत काम निघणारच आहे.

राहिले दहापेक्षा कमी माणसांचे गाळे, आणि कामणच्या पट्ट्यात ते थोडे नाहीत. संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. सरकारने जोखमीचं म्हणून अधिसूचित केलेलं काम असेल तर त्याहून कमी माणसांनाही ती लागू करता येते. २०१७ च्या दुकाने कायद्याची मूळ मर्यादाही दहाचीच होती आणि राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती वीसपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. सगळ्यांत लहान गाळ्यात, सगळ्यांत कोंडलेल्या हवेत बसणाऱ्या माणसाला कायद्याने सगळ्यांत कमी हात द्यावा, हे मला अन्यायाचं वाटतं आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. पण तिथेही दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे माणसं नीट मोजा. कंत्राटदाराची माणसं, लोडिंगवाले, शेजारच्या गाळ्यात दुसऱ्या नावाने पण त्याच मालकाकडे काम करणारे, हे सगळे मोजले तर आकडा दहाच्या वर जातो का, ते पाहा आणि अर्जात नावासह लिहा. दुसरं, पोटमाळ्याच्या बांधकामाला परवानगी आहे का, आणि आगीची यंत्रणा आहे का, हे प्रश्न माणसांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. ते वसई-विरार शहर महानगरपालिकेला आणि तिच्या अग्निशमन विभागाला लेखी विचारता येतात. एका इस्टेटमधल्या सात-आठ गाळ्यांतल्या ऑफिसवाल्यांनी मिळून असा एकच अर्ज दिला, तर कुणा एकाच्या शेठला कुणा एकाचं नाव शोधत बसता येत नाही.